ओढ्याजवळचा व्हॉल्व्ह

सातारा-सांगलीच्या मधल्या एका गावात, नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात मी ओव्हरसियर होतो. गावाचं नाव सांगत नाही. लाज अजून गेलेली नाही.

बाहत्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. जमिनीखालून कुठली लाइन कुठून जाते, याचा कचेरीत कपटासुद्धा नव्हता. सगळं होतं एका म्हाताऱ्या चावीवाल्याच्या डोक्यात. गाव त्यांना आबा म्हणायचं. उभ्या हयातीत गावाचं पाणी त्यांनीच सोडलं, त्यांनीच बंद केलं. ते निवृत्त व्हायच्या आत नकाशा तयार करा, असा साहेबांचा हुकूम सुटला.

महिनाभर मी टेप घेऊन त्यांच्या मागे हिंडलो. सकाळी पाणी सुटलं की आबा कमरेएवढी लोखंडी चावी रस्त्यावर टेकवायचे, तिच्या दांड्याला कान लावायचे आणि म्हणायचे, ‘‘हितनं वळलीया, सायेब. मारा खूण.’’ मी डिप्लोमावाला, मनातल्या मनात हसायचो. खणून पाहिलं की पाइप बरोबर तिथेच निघायचा. नकाशा झाला, खाली माझी सही झाली, आबा घरी बसले.

पावसाळ्यानंतर फोनच्या केबलसाठी चर खणणं सुरू झालं. मजुरांना मीच नकाशा पाहून आखून दिलं होतं. ओढ्याजवळ पहार बसली आणि पाण्याचा फवारा उडाला. माझ्या नकाशात तिथे काहीच नव्हतं. साहेबांनी चारचौघांत माझी बिनपाण्यानं केली आणि ते कचेरीत निघून गेले. शेवटी आबांना बोलावलं.

ते आले, एका दगडांच्या ढिगाऱ्याशी वाकले आणि दगड बाजूला करू लागले. खाली व्हॉल्व्ह होता. चार आटे फिरवले, पाणी थांबलं. मजूर लांब गेल्यावर ते माझ्याजवळ आले.

‘‘ही येवढी दावली न्हवती तुमास्नी. आमच्या वस्तीची हाय.’’

ओढ्यापलीकडे त्यांची बौद्धवस्ती होती. तिथे सगळ्यांत मिळून एक नळ. दुष्काळात कडेच्या वस्त्यांचं पाणी आधी तोडायचं ठरलं, तेव्हा आबांनी साहेबांना छातीठोकपणे सांगितलं होतं, की या वस्तीला वेगळा व्हॉल्व्हच नाही. तिचं पाणी बंद करायचं तर पेठही कोरडी पडेल. पेठेत सगळे पुढारी राहायचे. वस्तीचा नळ दुष्काळभर चालू राहिला.

‘‘लिवू नगा, सायेब,’’ आबा म्हणाले. ‘‘ठावंच नसंल तर बंद कोन करनार?’’

मी ‘बरं’ म्हणालो. तोंडाला काय लागतं!

दुसऱ्या दिवशी मी लाल शाईनं तिथे गोल काढला. नकाशा खरा असावा म्हणून काढला, असं पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे ते. मला साहेबांसमोर पुन्हा ताठ मानेनं उभं राहायचं होतं, बस्स.

पुढचा उन्हाळा कडक गेला. साहेबांनी टेबलावर नकाशा पसरला, बोट फिरवत फिरवत लाल गोलावर आणलं आणि म्हणाले, ‘‘ही बंद करा आधी. कामाचा नकाशा केलात हो!’’ शाबासकी मिळाली. नव्या चावीवाल्याला जागा दाखवायला मीच गेलो.

मी पेठेत भाड्यानं राहत होतो, दारासमोरच सार्वजनिक नळ. आठवडाभरात ओढ्यापलीकडची माणसं तिथे घागरी घेऊन येऊ लागली. पेठेतल्या बायका त्यांच्या घागरी मागे सरकवायच्या. एका सकाळी रांगेच्या पार शेवटी आबा दिसले. गावाला जन्मभर पाणी सोडलेला माणूस. मला राहवलं नाही. खाली उतरलो आणि घागर घ्यायला हात पुढे केला.

‘‘द्या आबा, माझ्या घरातल्या पाण्यानं भरून देतो.’’

त्यांनी घागर दुसऱ्या हातात घेतली. आवाज चढवला नाही की काही नाही.

‘‘नगं, सायेब. माजा नंबर आला की भरतो मी.’’

नंबर यायच्या आत पाणी गेलं.