खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

हाटकेश भागातल्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात मी पत्रा दाबायच्या प्रेसवर होतो. शेठच्या वडिलांनी मला कामाला लावलेलं, म्हणजे तिथे शेठपेक्षाही मी जुना. शाळा दुसरीत सुटली, पण मशीनच्या बाबतीत माझा शब्द कोणी खाली पडू देत नसे. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला शेठने ऑफिसात कॉम्प्युटर बसवायचं काढलं, तेव्हा मी बेधडक सांगून टाकलं, "मेरी बहू करेगी."

सून शिकलेली, आणि लग्नानंतरचं तिचं हे स्वतःचं पहिलं काम. तिने ऑफिसच्या कोपऱ्यात एक मोठा डबा आणून ठेवला. सर्व्हर म्हणायची त्याला. त्यात लिनक्स घातलं आणि मालाची सगळी माहिती जिथे साठते तो डेटाबेस चालू करून दिला. महिनाभर झकास चाललं. शेठ म्हणाला, दसऱ्याच्या मुहूर्तावर पहिली ऑर्डर यावरच घेऊ. जमलं तर भावाच्या कारखान्याचं कामही तिलाच, नाहीतर जेसल पार्कातला दुसरा एक कॉम्प्युटरवाला तयारच होता.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी मशीनं बंद. धुवायची, पुसायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची. त्या दिवशी बटणाला हात लावायचा नाही.

मी सुनेला म्हटलं, "तुझा डबापण बंद कर."

"बाबा, तो बंद नसतो करायचा. दिवसरात्र चालतो."

"एवढा जुना प्रेस आज विसावा घेतो. हा कोण लागून गेला?"

"तुम्ही ऐकणार नाही ना?"

"नाही."

तिने बंद केला. मी माळ घातली, कुंकू लावलं.

दसऱ्याला सकाळी शेठ भावाला घेऊन आला, पेढे आले, सगळे ऑफिसात जमले. सुनेने बटण दाबलं. पडदा उजळला, पण मालाचं पान काही उघडेना. डेटाबेस सापडत नाही, एवढंच म्हणत राहिलं.

शेठ माझ्याकडे वळला. "काका, आपने ज़्यादा आराम करवा दिया."

"कुंकू आत गेलं असेल," मागून पॉलिशवाला म्हणाला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पेढ्याच्या खोक्याआड झाला. पण हट्ट माझा, आणि काम जाणार तिचं.

तिने मान वर केली नाही. खुर्ची ओढली, टकटक करत काहीतरी उघडलं, वाचलं आणि हसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"बाबा, या प्रोग्रामबरोबर एक फाइल आयती भरून येते. मशीन चालू झालं की यानेही आपणहून कामाला लागायचं की नाही, ते तीत लिहिलेलं असतं. बनवणाऱ्यांनी 'नाही' लिहून ठेवलंय. बसवला तेव्हा मी हाताने चालू केला. त्यानंतर तो बंदच झाला नाही, मग कळणार कसं?"

"नाही कशाला लिहायचं?"

"आधी सगळं नीट लावा, मग हो म्हणा, म्हणून."

हे मला पटलं. नवा प्रेस येतो तोही पट्टा उतरवूनच येतो, चढवायचा आपण.

तिने 'नाही'चं 'हो' केलं, डेटाबेस चालू केला, पान उघडलं. शेठने पेढा उचलला.

"थांबा," मी म्हटलं. "परत बंद कर."

"काका, चल रहा है ना, छोड़ो अब."

"नहीं. बंद करके दिखाएगी."

सून माझ्याकडे बघून हसली आणि तिने बंद केला. मग बटण दाबून हात मागे घेतले. सगळे पडद्याकडे डोळे लावून उभे. थोड्या वेळाने मालाचं पान आपसूक समोर आलं. पॉलिशवाल्याने टाळी वाजवली आणि पहिली ऑर्डर तिथेच नोंदली गेली.

शेठचा भाऊ म्हणाला, "बेटी, मेरे यहाँ कब आओगी?"

"पहले बताइए, आपके यहाँ लाइट कितनी बार जाती है?"

तो इतका हसला की पेढा घशात अडकला.

दुपारी रिक्षाने घरी निघालो. मी म्हटलं, "पूजा केली म्हणून कळलं."

"बंद केला म्हणून कळलं, बाबा."

"पूजेसाठीच केला ना बंद?"

"हट्टासाठी केला."

"मग हट्टाचं तरी नाव घे की."

दोघांचे आवाज चढलेले. रिक्षावाल्याने आरशातून बघत विचारलं, "झगड़ा हो गया क्या?"

"नहीं भैया," सून म्हणाली, "काम मिला है."