उताराचा गियर

डिचोलीच्या शिवदासांनी बावीस वर्षं खनिजाचा ट्रक चालवला, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट त्यांना आधी ट्रकच्या भाषेत कळायची. चंद्रावतीला बघून आले तेव्हाही घरी एवढंच बोलले होते, "बॉडी मजबूत, हॉर्न जरा मोठो."

खाणी बंद पडल्या, मालकाने ट्रक विकला आणि शिवदासांची झोप त्या ट्रकबरोबरच गेली. डॉक्टरांनी रात्री घ्यायला एक इवलीशी गोळी दिली. ती सात वर्षं चालली.

लेक सेजल नर्सिंगला होती. शनिवारी वसतिगृहातून आली की ती औषधशास्त्र मोठ्याने म्हणायची आणि शिवदास वही धरून बसायचे.

"मेंदूत गाबा म्हणून एक रसायन असतं, बाबा. तो मेंदूचा ब्रेक."

"आणि माझी गोळी?"

"ती स्वतः ब्रेक मारत नाही. पाय तुमचाच. ती फक्त जोर वाढवते. जुनी बार्बिट्युरेट नावाची झोपेची गोळी मात्र स्वतःच ब्रेक दाबून धरायची. जास्त झाली की श्वासच बंद."

"आणि वर दारू घेतली तर?"

"त्याच ब्रेकवर दुसरा पाय."

"म्हणून मी सोडली."

"तुम्ही कसली सोडलीत," आतून चंद्रावती म्हणाली, "मी माडाच्या मुळात ओतली. तो माड अजून वाकडा आहे."

एका शनिवारी 'अवलंबित्व' आलं. शरीराला गोळीची सवय लागते, असं सेजलने वाचलं. शिवदासांनी वही जरा खाली केली. "पुढचं पान पुढच्या शनिवारी," म्हणत ती बसला पळाली.

त्याच आठवड्यात बातमी आली. खाण सुरू होतेय, कंत्राटदाराला जुने ड्रायव्हर हवेत, शुक्रवारी वैद्यकीय तपासणी.

आता, ट्रक आरटीओकडे पासिंगला न्यायचा तर ड्रायव्हर आदल्या दिवशी काय करतो? वरचे दिवे काढतो, गाणारा हॉर्न काढतो, कंपनीने न दिलेलं सगळं उतरवतो. शिवदासांनी सोमवारी स्वतःची गोळी उतरवली. एकदम. कुणाला न सांगता.

चार रात्री डोळ्याला डोळा नाही. हातातला चहा सांडायला लागला, तर "कपच वाकडो" म्हणाले. शुक्रवारी इस्त्रीची खाकी घालून ते रांगेत उभे राहिले. पुढे फक्त तिघे होते. तिथेच ते कोसळले आणि अंग झटके देऊ लागलं.

फिट आली की हातात लोखंड द्यायचं, एवढंच ड्रायव्हरांना माहीत. आधीच कामावर घेतलेल्या त्यांच्या जुन्या सोबत्याने, रघुनाथने, घाईघाईत आपल्या ट्रकची चावी त्यांच्या मुठीत कोंबली. सात वर्षं जी चावी हातात यावी म्हणून शिवदास झुरले, ती अशी आली.

सेजल इस्पितळात पोचली तेव्हा ते शुद्धीवर होते.

"पुढचं पान काय होतं गे बाय?"

ती त्यांची चादर सारखी करू लागली. त्यांनी पुन्हा विचारलं.

"गोळी एकदम बंद करू नये," ती म्हणाली. "थोडी थोडी कमी करायची, डॉक्टरांना विचारून. कित्येक आठवडे लागतात. एकदम थांबवली तर फिट येऊ शकते."

"म्हणजे उतारावर एकेक गियर खाली घ्यायचा."

"हो."

"ह्या माका येता," शिवदास म्हणाले. "ह्याच तर माका येता."

मग ते भिंतीकडे वळले.

फिट आलेल्या माणसाला कंत्राटदार ट्रक देत नाही. रघुनाथने चावी परत मागितली नाही, दुसरी करून घेतली.

आता सेजल दर शनिवारी येते, डॉक्टरांनी लिहून दिलेले गोळीचे बारीक तुकडे आठवडाभराचे मोजून देते आणि अभ्यासाला बसते. वही बाबाच धरतात. ते एक पान मात्र दोघेही उलटून पुढे जातात. बाहेरच्या उतारावर भरलेला ट्रक आला की शिवदास वही खाली करतात. ड्रायव्हरने गियर घ्यायला उशीर केला, की त्यांचा डावा हात खुर्चीच्या बाजूला हळूच खाली जातो. सेजलला ते दिसतं. ट्रक वळणापलीकडे जाईपर्यंत ती वाचायची थांबते.