गालातला आवाज

महिपत जोताला उभा राहिला की त्याला चाबूक लागत नसे. जीभ टाळूला घट्ट चिकटवायची आणि दाढांकडची तिची कड झटक्यानं सोडायची. गालात एक ओला टक्कारा फुटे आणि जोडी पुढे सरके. मंडणगडाकडच्या त्या वाडीत हा आवाज सगळेच काढत, पण महिपतचा भाताचे तीन कुणगे ओलांडून ऐकू जाई.

आता गोठा रिकामा होता. पॉवर टिलरला टक्कारा कळत नाही. तरी मुंबईहून नात शमिका आली आणि म्हणाली, "आजोबा, बैलांचा आवाज काढा ना," तेव्हा त्यानं पडवीत बसून काढला. ती कॉलेजात भाषाशास्त्र शिकत होती. तिनं मोबाइल त्याच्या गालाशी धरला.

"म्हातारपणी शिनेमात घेतायत काय?" आतून सोनूबाई म्हणाली.

"आजी, हा आवाज म्हणजे व्यंजन आहे. दक्षिण आफ्रिकेत खोसा नावाची भाषा आहे, तिचं नावच ह्या आवाजानं सुरू होतं. आपल्याला जमत नाही म्हणून आपण 'ख' म्हणतो. आपण हळहळताना दातामागे च्च करतो ना, तेही त्यांचं एक अक्षर. श्वास बाहेर सोडायचा नाही, जिभेनं हवा आत ओढायची."

तिनं व्हिडिओ लावला. एक बाई लेकराला गोष्ट सांगत होती. बोलता बोलता टक्कारे येत होते, लाह्या फुटाव्यात तसे. लेकरू अडखळत तिच्यामागून म्हणत होतं.

"माणसं बोलतात असं?" महिपतनं विचारलं.

"हो. काही पोरांना नीट जमायला वेळ लागतो, एवढंच."

महिपत त्या अडखळणाऱ्या लेकराकडे बघत राहिला. सुजय, शमिकाचा बाप, साडेतीन वर्षांचा होईस्तोवर एक शब्द बोलला नव्हता. भूक लागली, पाणी हवं झालं, की गालातून टक्कारा काढायचा. एकदा चिखलणीच्या वेळी तो बांधावर उभा राहून सारखा तोच आवाज करत राहिला. शेजारचा हसून ओरडला, "महिपत, तुझा तिसरा बैल बांधावर उभा हाय रे!" सगळे हसले. महिपत चिखलातून वर आला आणि त्यानं पोराच्या थोबाडीत मारली. "माणसासारखा बोल!"

सुजयनं तो आवाज परत कधी काढला नाही. काही महिन्यांनी बोलायला लागला, तेही मोजकंच. अजूनही फोनवर हां, बरं, ठेवतो, एवढंच.

"तुझ्या बापाला लाव गो," महिपत म्हणाला.

शमिकानं फोन लावून दिला.

"सुजय, लहानपणी बांधावर तुला मारलं होतं. आठवतंय?"

"कशाला आता आप्पा? कामावर आहे मी."

"माझं चुकलं रे. मला वाटलं, तू बैलांची नक्कल करतोस."

पलीकडे यंत्रांची घरघर तेवढी येत होती. मग सुजय म्हणाला, "बैलांची नाही. दिवसभर तुमचा तोच आवाज यायचा शेतातून. तुम्हाला हाक मारत होतो."

महिपतनं नजर पडवीच्या जमिनीकडे वळवली. शमिका उठून आत गेली.

"ठेवू आप्पा?"

"थांब जरा," महिपत म्हणाला. फोन कानाशी धरून तो बसून राहिला. सुजयनंही फोन ठेवला नाही.