अग्यारीच्या चित्रातला पांढरा डाग

शिरूरमध्ये मी तीस वर्षं बोर्ड रंगवले. मग फ्लेक्स आला आणि आमचा धंदा बसला, हे सांगायचाही आता कंटाळा येतो. उरलंय काय, तर शाळेच्या भिंती, ट्रकचे फाळके, एखाद्या दर्ग्याची पाटी. डोळ्याला जाड चष्मा लागलाय, उजवा खांदा वर जात नाही. पण एक आहे. तीस वर्षांत मी कुणापुढं चूक कबूल केली नाही. गिऱ्हाईक मजकुराची जी चिठ्ठी देईल, ती काम संपेस्तोवर माझ्या खिशात. कुणी तोंड वर करून बोललं की चिठ्ठी नाकासमोर धरायची. "हे घ्या, तुमचंच अक्षर हाय." बायको म्हणते, ह्यांना चिठ्ठीसकट पुरावं लागणार.

मागच्या हिवाळ्यात दौंडच्या एका पारशी आंटीचा निरोप आला. नवरा रेल्वेत ड्रायव्हर होता, तो जाऊनही बरीच वर्षं झालेली. आंटी ऐंशीच्या पुढच्या, स्टेशनमागच्या घरात एकट्याच. मला वाटलं, दारावरची पाटी असेल. निघालं भलतंच. त्यांना भिंतीवरच्या एका छापील चित्राची हातानं रंगवलेली कॉपी पाहिजे होती.

चित्र अग्यारीचं, म्हणजे पारशांच्या अग्निमंदिराचं. फार पूर्वी कुणा गोऱ्या चित्रकारानं काढलेलं. उंच कमानी, चांदीच्या मोठ्या भांड्यात पेटलेला अग्नी, त्याच्यावर वाकलेला पांढऱ्या झग्यातला म्हातारा धर्मगुरू. दस्तूर म्हणतात त्यांना. आंटी त्याच्याखाली रोज दिवा लावायच्या, त्यामुळं सगळ्या चित्रावर काजळी. खालची बाजू वाळवीनं खाल्लेली, जागोजागी ओल आलेली.

"भाचा मला मुंबईला वृद्धाश्रमात नेतोय," आंटी म्हणाल्या. जन्म दौंडात गेलेला, बोलणं आमच्यासारखंच. "तो म्हणतो, वाळवी लागलेलं तिथं आत घेणार न्हाईत. लग्न करून आले तवापासून ह्याच्यापुढं दिवा लावते मी. तिथं कशापुढं लावू?"

लाईट गेलेली होती. चित्राचा कोपरा दिसावा म्हणून मी काडी ओढली, बघितलं आणि फुंकर मारून विझवली. आंटी केवढ्यांदा ओरडल्या! "फुंकू नको! अग्नीला तोंडाची वाफ लागू देत न्हाईत आमच्यात!" म्हातारपणाचं खूळ, मी मनात म्हटलं.

मोबाईलवर फोटो काढून आणला आणि कापडावर चौकटी आखून कामाला लागलो. नेटवर शोधलं तर मूळ चित्रही सापडलं, परदेशातल्या कुठल्या म्युझियममधलं, एकदम लख्ख. ते मोबाईलमध्ये उतरवून घेतलं. मग काय विचारता! काजळी गाळली, ओल गाळली. छापील चित्रात दस्तुरांच्या तोंडावर बुरशीचा पांढरा डाग होता. मूळ चित्रात तिथं दाढी, मिशी आणि अर्धवट उघडे ओठ. एकेक केस काढला मी. खांदा ठणकायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, पण हौस आली होती. शेजारी चिडवायचे, "काय पेंटर, आग पुजायला लागले काय?" मी म्हणायचो, "गणपतीचे पडदे रंगवले तवा सोंड फुटली व्हय मला?"

दोन महिन्यांनी चित्र चादरीत बांधलं. न्हावऱ्यावरून चौफुला, तिथं गाडी बदलून दौंड. सगळा वेळ ते मांडीवर धरून कंबर मोडून गेली. आंटींसमोर चादर सोडली आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो.

"हे कोण?" आंटींनी विचारलं.

"दस्तूर."

"तोंड उघडं टाकलंस त्यांचं? पदान कुठंय?"

मला काही कळेना. मग त्यांनीच सांगितलं. अग्नीपुढं जाताना दस्तूर तोंडावर पांढरं फडकं बांधतात, आपली वाफ त्याला लागू नये म्हणून. त्याला पदान म्हणतात. मला ती काडी आठवली.

आंटी खुर्चीत बसल्या. "त्या गोऱ्याला आत कोण सोडणार, सांग? परक्याला अग्यारीत जाता येत न्हाई. समदं ऐकून काढलंय मेल्यानं. कमानी खोट्या, गालिचा खोटा, कोपऱ्यात हुक्का काय ठेवलाय! आमचे मिस्टर पोट धरून हसायचे. पण म्हणायचे, बघ, परका असून तोंडावर फडकं दाखवलंय त्यानं. एवढी तरी अदब ठेवली. त्या एका फडक्यापायी आम्ही हे चित्र भिंतीवर ठेवलं."

मी भिंतीवरच्या जुन्या चित्राकडं बघितलं. म्हणजे बुरशीचा डाग ही दोघं आयुष्यभर फडकं समजत आली होती.

मोबाईल खिशातच होता. मूळ चित्र काढायचं, नाकासमोर धरायचं. आंटी, ती ओल होती, त्या गोऱ्यानं फडकंबिडकं काही काढलेलं नाही. शब्द अगदी ओठावर आले. रागही आला होता, का येऊ नये? दोन महिने खांद्याची वाट लागली होती माझ्या. पण आंटी उठून जुन्या चित्राची काच पदरानं पुसत होत्या, नेमकी त्याच जागी.

"फोटो तर काढून नेलेलास," त्या म्हणाल्या. "मग फडकं गेलं कुठं?"

"माझ्याकडनं राहिलं आंटी. चूक माझी."

स्वतःचा आवाज मला ओळखू आला नाही.

पिशवीतून रंग काढले. टर्पेंटाइननं खोकला येतो म्हणून तोंडाला रुमाल बांधला आणि चित्राजवळ वाकलो. ती दाढी, ती मिशी, ते ओठ पाच मिनिटांत पांढऱ्याखाली गेले. जीव तुटला माझा, खोटं कशाला बोलू.

आंटींनी चष्मा पुसून बघितलं. आधी चित्रातल्या दस्तुरांकडं, मग रुमाल बांधलेल्या माझ्याकडं. "आता बरोबर," म्हणाल्या. मग मास्तरणीसारखं बोट उगारलं. "हात चांगला हाय तुझा, पेंटर. पण ध्यान देत जा. एवढी मोठी चूक करतात व्हय?"

"न्हाई आंटी," मी रुमालाआडून म्हणालो. "चुकलंच माझं."

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. अंग मोडून आलं होतं. डोळे मिटायच्या आधी मोबाईल काढला आणि ते म्युझियममधलं चित्र पुसून टाकलं.