धुऱ्यावरची खुर्ची

मुलगा यवतमाळला सरकारी कचेरीत लागला आणि माझी मजुरी सुटली. सुटली म्हणजे त्यानेच सोडवली. "आई, आता कापूस वेचाले जाऊ नको. माह्यासाठी पोरी पाहून राह्यलो, अन् तू लोकायच्या वावरात वाकलेली दिसली तर मलेच नावं ठेवतीन," तो म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं. मी हो म्हटलं. पुढे सून आली आणि त्याच्याबरोबर यवतमाळला गेलीही. नवरा आधीच वारलेला. गावात नव्या स्लॅबच्या घरात उरलो मी आणि टीव्ही.

सकाळी मजूर बायांचा ऑटो दारावरून जायचा. तो येईपर्यंत मी झाडलेलंच अंगण पुन्हा झाडत राहायची. करमत नाही म्हटलं तर शेजारीण म्हणाली, "तुले सुख टोचून राह्यलं व बाई." टोचत होतंच. कापसाची बोंडंही बोटांना टोचतात, पण त्याची सवय होते.

खरं सांगते, पैशापेक्षा बायांची आठवण यायची. वेचताना तोंड बंद असतं कुठे? दुपारी सगळ्यांचे डबे एकत्र उघडायचे आणि माझ्या ठेच्यावरून भांडणं व्हायची. घरी एकटीपुरता केला, तर तोही उरायचा.

पहिल्या वेचणीला आमच्याकडे आधी झाडांवर दहीभात शिंपडतात. ते काम बायांनी कायम माझ्याकडे दिलेलं. गेल्या वर्षी जुन्या मालकीणबाईंनी त्यासाठी बोलावलं, तशी मी हरखले. सगळ्यांना पुरेल एवढा ठेचा केला. चांगली साडी नेसले आणि तिच्या आतून कमरेला वेचलेला कापूस ठेवायचं जुनं फडकं बांधलं. एकदा वावरात शिरले की मला कोण बाहेर काढतंय, असं वाटलं.

दहीभात शिंपडून झाला. मी पदर खोचला, तोच धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, प्लास्टिकची खुर्ची आली.

"बसा बाई. साहेबाची माय तुमी, उन्हात कायले वाकता?" हे म्हणणारी जन्मभर माझ्या शेजारची ओळ धरून वेचत आलेली मैत्रीण.

"मले वेचाचं हाय," मी म्हटलं. सगळ्या हसल्या. त्यांना गंमतच वाटली. कोणी टोमणा मारला असता तर मी भांडले असते, पण त्या मान देऊन बोलत होत्या. राग आला होता, तो काढायचा कोणावर?

मी बसले. बाया वेचत वेचत पुढे सरकल्या. आधी त्यांचं हसणं ऐकू येत होतं, मग नुसत्या पाठी दिसत राहिल्या. खुर्चीजवळ एक बोंड फुटलं होतं. त्यातला कापूस काढला, ठेवायला कमरेशी हात नेला, तर हाताला चांगली साडी लागली.

दुपारी झाडाखाली सगळ्यांनी डबे उघडले. मला मालकीणबाईंच्या घरचं ताट आलं, खुर्चीवरच. ठेचा पिशवीत राहिला.