शर्ट पाहून सायकल

रामदासपेठेतल्या एका दवाखान्याबाहेर एक सायकल स्टँडवाला होता. बिल्ला नाही, चिठ्ठी नाही. सायकल घेताना तो माणसाच्या शर्टाकडे एकदाच रोखून पाहायचा, चेहऱ्याकडे कधीच नाही. माणूस परत आला की शर्ट पाहून त्याची सायकल काढून द्यायचा. एकदा एक जण आपला स्वेटर आत आजारी भावाच्या अंगात घालून नुसत्या शर्टावर बाहेर आला, तर याने त्याला सायकल दिली नाही. "स्वेटर घालून या," म्हणाला. तो बिचारा मुकाट्याने आत जाऊन घालून आला.

"चेहरा काहून पाहत नाही तुम्ही?" मी एकदा विचारलं.

"माणूस आत जाते तवा एक रायते, बाहेर येते तवा दुसराच. शर्ट बदलत नाही."

"पण इतके शर्ट ध्यानात राहतात?"

"सायकल गेली का शर्ट पुसला. नाही तं डोक्यात जागा कुठून आणू?"

बाबा आत होते ते वीस दिवस मी एकच निळा शर्ट घालून जात होतो. रोज तो माझ्याकडे नवीन गिऱ्हाईक असल्यासारखा पाहायचा. मला रागच यायचा त्याचा.

नंतर बाबांचे कागद आणायला गेलो. अंगात तेरवीला मामांनी दिलेला पांढरा शर्ट होता, डोक्यावर नुकते कुठे केस फुटत होते. मी सायकल त्याच्या हातात दिली. त्याने शर्ट पाहिला. मग पहिल्यांदाच मान वर करून माझा चेहरा पाहिला.

"काहून गा," तो म्हणाला, "आज निळा नाही?"