वामनभाऊंची भरलेली कॉलनी

आमच्या जुन्या महसूल कॉलनीतल्या वामन देवपुजारींनी म्हातारपणी चार बायकांशी घरोबे केलेत, अशी बातमी अख्ख्या यवतमाळात पसरली होती. भाजीवाल्या खेमसिंगनं म्हणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं: वामनभाऊ सकाळी चार वेगवेगळ्या अंगणांत बायकांची लुगडी वाळत घालतात. घालत होते, हे खरं. पण चारही घरं कुलूपबंद आणि लुगडी एकाच बाईची, म्हणजे आमच्या रत्नप्रभावहिनींची. मी शेजारीच राहतो, मला सगळं ठाऊक होतं. पण लगेच सांगून टाकण्यात काय मजा?

झालं असं, की बायपासला नव्या प्लॉटांचे लेआउट पडले आणि एकेक घर करत आमची कॉलनी, किल्ल्या वामनभाऊंकडे ठेवून, तिकडे निघून गेली. वहिनींना बोलायला माणूस उरला नाही. मी होतो, पण मला त्या माणसांत धरत नाहीत. शेवटी त्यांनी नवऱ्याला बजावलं, "दिवाळीपर्यंत एक तरी बिऱ्हाड इथं आलं पाहिजे. नाही तर मी चालली अभिषेककडे, फ्लॅटवर. तुम्ही राहा कुलपांसोबत."

वामनभाऊंना घाम फुटला. हे घर त्यांनी स्वतः विटांवर पाणी मारून बांधलेलं. मुलाच्या चौथ्या मजल्यावर जायचं, तर लिंबाचं झाड कुठं न्यायचं? त्यांनी विचार केला, ओसाड गल्लीत भाडेकरू येईल कशाला? गल्ली आधी नांदती दिसली पाहिजे. म्हणून बंद दारांपुढं रांगोळी, तारेवर लुगडी, एका ओट्यावर चालू रेडिओ. उंबऱ्याशी चपला हव्यात म्हणून माझ्याही नेल्या. मी किराण्याला अनवाणी गेलो.

दिवाळी तोंडावर आली आणि मोटरसायकलवर एक जोडपं आलं. माणसानं गल्ली न्याहाळली आणि म्हणाला, "चाल प्रभावती, इथं तं सारे घरं भरले हायेत."

मी सांगणारच होतो, पण तोंडात तंबाखूचा खर्रा. थुंकेपर्यंत गाडी वळलीसुद्धा. तेवढ्यात वामनभाऊ धावले, कमरेला पंचा, खांद्यावर ओलं लुगडं.

"थांबा हो! इथं कोणीच राहत नाही!"

"मंग हे लुगडे कोनाचे?"

"आमच्या हिचे!"

"चारही घरी?"

"चारही घरी!"

प्रभावतीनं नवऱ्याला गाडी दामटायची खूण केली. पण तो गडी खाली उतरला. "काका, खरंच आजूबाजूले कोनी नाही?"

"देवाशपथ नाही!"

"मंग जमलं. आमाले असंच पायजे होतं."

हा रामसिंग लग्नाच्या बँडचा मास्तर. सरावाच्या आवाजापायी प्रत्येक मोहल्ल्यानं त्याला हाकललेलं. आठवड्यात तो आला, मागून क्लॅरिनेटवाला आला, मग ट्रम्पेटवाले दोघे भाऊ, बायकापोरांसकट. चारही घरं उघडली. आता प्रभावती आणि वहिनी ओट्यावर तासन्‌तास बोलतात, म्हणजे एकमेकींच्या कानात ओरडतात. वहिनी फ्लॅटचं नावही काढत नाहीत. मीच तेवढा कानात कापूस घालून जेवतो.

परवा न राहवून गेलो. म्हटलं, "वामनभाऊ, वहिनींनी बिऱ्हाड आणायला सांगितलं होतं, वरात नाही."

लिंबाला पाणी घालता घालता ते म्हणाले, "शांतता पायजे असन तं बायपासले जा ना भाऊ, तिथं लय प्लॉट खाली हायेत. फक्त जायच्या आधी मले सांगजा, ढोलवाला घर पाहून राह्यला."